न विचारता घेतलेली माहिती : कायदा कुठवर, तंत्र कुठवर

प्रभादेवीतल्या जुन्या चाळींच्या जागी उभ्या राहिलेल्या एखाद्या टॉवरमध्ये पाहुणे म्हणून गेलात, तर फाटकावरचा रखवालदार आधी मोबाइल नंबर विचारतो आणि ॲपमध्ये भरतो. तो विचारतो, आपण देतो. ही पद्धत योग्य की अयोग्य यावर सोसायटीच्या सभेत वाद घालता येतो, कारण ती उघड्यावर चालते. या लेखाचा विषय त्याच्या पलीकडचा आहे. आपल्याला न विचारता किंवा विचारल्यासारखे करून सॉफ्टवेअर आपल्या फोनमधून आणि संगणकातून जे उचलते, ते थांबवायला आज कायदा काय करतो आणि तंत्र काय करते? गिरण्यांच्या जागी आलेल्या काचेच्या कार्यालयांतले लॅपटॉप, सिद्धिविनायकाच्या रांगेत उभ्या भाविकांच्या खिशातले फोन, शाळकरी पोरांच्या हातातले टॅब या सगळ्यांना हा प्रश्न सारखाच लागू आहे.

माझे मत आधीच मांडतो. आपल्याकडे आतापर्यंत जे खरे संरक्षण मिळाले ते फोनच्या रचनेत झालेल्या बदलांनी आणि रिझर्व्ह बँकेच्या एका स्पष्ट मनाईने दिले. सर्वसाधारण कायदा मात्र ‘तुम्हीच तर परवानगी दिली होती’ या एका वाक्यापुढे अडखळत राहिला. आणि जो नवा कायदा येतो आहे, तो नागरिकाला काही चांगले हक्क देतानाच त्याच्या हातातून नुकसानभरपाई काढून घेतो.

मुंबईने या प्रश्नाची सर्वांत भीषण बाजू २०२२ मध्ये पाहिली. त्या वर्षी मे महिन्यात मालाडला राहणाऱ्या एका माणसाने आत्महत्या केली. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपच्या वसुलीवाल्यांनी त्याचे फोटो अश्लील करून त्याच्या ओळखीच्यांना पाठवले होते. ओळखीच्यांचे नंबर त्यांना मिळाले कसे? अशी ॲप उघडताच कॉन्टॅक्ट, फोटो, लोकेशन यांची परवानगी मागत. नाही म्हटले की कर्ज नाही. घरभाडे थकलेला किंवा आजारपणाने गांजलेला माणूस ‘अलाउ’ दाबे आणि काही सेकंदांत त्याची सगळी कॉन्टॅक्ट लिस्ट कुठल्यातरी सर्व्हरवर पोहोचलेली असे. त्याला वाटे, कर्जाआधीची पडताळणी चालू आहे. प्रत्यक्षात तेच तारण असे. पैसे किंवा पैशांहून कितीतरी जास्त व्याज वेळेत आले नाही, की त्या यादीतल्या माणसांना फोन सुरू.

या व्यवहारात एक गोष्ट कायम दुर्लक्षित राहिली. त्या यादीतल्या मावशीला, शाळेतल्या बाईंना, कोपऱ्यावरच्या वाण्याला कुणी काही विचारले होते का? कर्जदाराने दाबलेल्या एका बटणाने शेकडो परक्या माणसांचे नंबर, नावे, नाती निघून गेली. त्यांच्या दृष्टीने ही शंभर टक्के गुपचूप झालेली चोरी होती. संमतीवर उभारलेला कुठलाही कायदा या माणसांकडे कसा पाहतो, ही त्याची खरी परीक्षा आहे.

फोर्टमधल्या रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२१ मध्ये डिजिटल कर्जांवर एक कार्यगट नेमला. त्याच वर्षी नोव्हेंबरात आलेल्या अहवालानुसार भारतीयांसाठी सुमारे १,१०० कर्ज-ॲप वेगवेगळ्या ॲप स्टोअरवर होती आणि त्यांतली सुमारे ६०० बेकायदा होती. २ सप्टेंबर २०२२ रोजी बँकेने मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतले एक कलम या सगळ्या आढाव्यातले मला सर्वांत मोलाचे वाटते : कर्ज देणाऱ्या ॲपने फोनमधल्या फाइल आणि मीडिया, कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉग यांना हात लावायचाच नाही. कॅमेरा, मायक्रोफोन, लोकेशन लागलेच तर ग्राहक नोंदवताना एकदाच आणि स्पष्ट संमतीने. ग्राहकाने ‘हो’ म्हटले तरी कॉन्टॅक्ट घेता येणार नाहीत, ही त्यातली खरी ताकद. गरजवंताच्या ‘हो’ला काय किंमत असते हे ओळखून नियामकाने संमतीचा प्रश्नच बाजूला ठेवला. गूगलनेही ३१ मे २०२३ पासून वैयक्तिक कर्जाच्या ॲपना कॉन्टॅक्ट आणि फोटो मागण्यास आपल्या प्ले स्टोअरवर बंदी घातली. मे २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने या सूचना एकत्र करून डिजिटल कर्जांचे निर्देश काढले.

या मनाईला कुंपण आहे. रिझर्व्ह बँकेचा अंमल बँकांवर, वित्तसंस्थांवर आणि त्यांच्या दलालांवर. ज्याच्याकडे परवानाच नाही, जो प्ले स्टोअरच्या बाहेरून व्हॉट्सॲपवर एपीके फाइल पाठवतो, त्याला तिची फिकीर नसते. लग्नपत्रिकेच्या नावाने किंवा आरटीओच्या चलनाच्या नावाने येणाऱ्या फाइली हाच धंदा करतात. फाइल उघडली की ॲप बसते, एसएमएस वाचण्याची परवानगी घेते, आणि बँकेचा ओटीपी तुमच्याआधी दुसऱ्याच्या हाती पडतो.

गुपचूप गोळा करणे हे फक्त भुरट्यांचे काम आहे, असे मात्र कुणी समजू नये. २००५ मध्ये सोनी बीएमजी या बड्या संगीत कंपनीच्या सीडी संगणकात घातल्या की नक्कल रोखण्याच्या नावाखाली एक लपलेले सॉफ्टवेअर आपोआप बसत असे. ते सापडल्यावर जगभर गदारोळ झाला. २०१३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एका टॉर्चच्या ॲपवर कारवाई केली. फोनचा दिवा लावण्यापलीकडे काही काम नसलेले ते ॲप वापरणाऱ्याचे ठिकाण जाहिरात कंपन्यांना पाठवत होते. जून २०२५ मध्ये तर युरोपातल्या संशोधकांनी मेटा आणि रशियाच्या यांडेक्सची एक युक्ती उघड केली. अँड्रॉइड फोनमधली फेसबुक आणि इन्स्टाग्राम ॲप मागच्या बाजूने फोनच्या आतल्याच एका दारावर कान लावून बसत. तुम्ही ब्राउझरमध्ये एखादी वेबसाइट उघडली आणि तिच्यावर मेटाचा ट्रॅकर असला, की तो ब्राउझरमधली ओळख त्या दारातून ॲपला कळवी. गुप्त विंडो उघडून उपयोग नाही, कुकी पुसून उपयोग नाही. कारण ॲपमध्ये तर तुम्ही स्वतःच्या नावाने लॉगइन केलेले असता. बातमी फुटली त्याच दिवशी मेटाने हा प्रकार बंद केला. हे पकडले ते संशोधकांनी, कुठल्याही सरकारी यंत्रणेने नव्हे.

कायद्याकडे वळू. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा. त्याचे कलम ४३ म्हणते की मालकाच्या परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवून घेणे, तिची नक्कल करणे किंवा संगणकात विषाणूसारखा घातक प्रोग्राम घुसवणे यासाठी भरपाई द्यावी लागेल. मोबाइलही यात येतो. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले असेल, तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. २००८ च्या दुरुस्तीने कलम ४३-अ आले : संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या कंपनीने हलगर्जीपणा केला आणि त्यातून कुणाचे नुकसान झाले, तर कंपनीने भरपाई द्यावी.

या कलमांचा उपयोग किती जणांना ठाऊक आहे? ५ कोटी रुपयांपर्यंतच्या दाव्यांसाठी दिवाणी न्यायालयात जावे लागत नाही. प्रत्येक राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचा सचिव हाच त्यासाठीचा न्यायनिर्णय अधिकारी असतो. म्हणजे आपल्यासाठी तो मंत्रालयात बसतो, प्रभादेवीहून बसने जाण्याच्या अंतरावर. शक्यतो सहा महिन्यांत निकाल द्यावा असे नियम सांगतात. हे कागदावरचेच नाही. २०१३ मध्ये या पदावर असलेल्या राजेश अग्रवाल यांनी पुण्याच्या एका वाहन-सुटे भाग कंपनीच्या खात्यातून फसव्या ईमेलमुळे ८० लाखांहून अधिक रक्कम गेल्याच्या प्रकरणात पंजाब नॅशनल बँकेला हलगर्जीपणासाठी ४५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला होता. त्या काळात त्यांनी असे बरेच निकाल दिले आणि मोठ्या बँकांना सामान्य खातेदारापुढे उत्तर द्यायला लावले. महाराष्ट्राने देशाला घालून दिलेला हा धडा होता आणि तो पुढे गिरवला गेला नाही याचे मला दुःख आहे.

पण कलम ४३ चा पाया ‘परवानगीशिवाय’ हाच आहे. कर्ज-ॲप म्हणणार, परवानगी तर घेतली होती. पन्नास पानी इंग्रजी अटींखाली दाबलेले बटण ही परवानगी का? याचे उत्तर शोधायला संविधानापर्यंत जावे लागले. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. त्यातले प्रमुख निकालपत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांचे. त्याच निकालपत्रात त्यांनी आणीबाणीत मूलभूत हक्कांसाठी न्यायालयात जाण्याची वाट बंद करणारा जबलपूर खटल्याचा निकाल चुकीचा ठरवला. त्या जुन्या निकालात बहुमताच्या बाजूने असलेल्यांत त्यांचे वडील न्या. यशवंत चंद्रचूड होते. पुण्याच्या एकाच घराण्यातून आलेले हे दोन निकाल, नागरिक आणि सत्ता यांच्यातल्या नात्याची दोन टोके दाखवतात.

पुट्टस्वामी निकालाची फळे दूरध्वनीच्या बाबतीत लवकर दिसली. ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाचखोरीच्या एका प्रकरणातले फोन टॅपिंगचे तीन आदेश रद्द केले आणि टॅप केलेले संभाषण नष्ट करायला सांगितले. सार्वजनिक सुरक्षेचे कारण असल्याशिवाय टॅपिंग चालणार नाही, तपासाची सोय हे कारण पुरेसे नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. ॲप आणि कंपन्यांच्या बाबतीत मात्र कायदा यायला २०२३ चा ऑगस्ट उजाडला.

या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात चांगले काही आहे, ते आधी सांगायला हवे. संमती मुक्त, नेमकी आणि माहितीपूर्ण हवी, आणि ज्या कामासाठी घेतली त्याला लागते तेवढ्याच माहितीपुरती ती मर्यादित राहील. कायद्यातच एक उदाहरण दिले आहे : डॉक्टरांचा सल्ला देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट लिस्ट मागितली आणि वापरणारीने ‘हो’ म्हटले, तरी सल्ल्यासाठी कॉन्टॅक्ट लागत नाहीत, म्हणून त्या ‘हो’चा त्या यादीपुरता उपयोग नाही. कर्ज-ॲपच्या युक्तीवर हा थेट घाव आहे. संमतीची सूचना आठव्या अनुसूचीतल्या भाषांत, म्हणजे मराठीतही वाचायला मिळण्याचा पर्याय द्यावा लागेल. १८ वर्षांखालच्या मुलांचा माग काढणे आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणे यांवर बंदी आहे. सुरक्षेत हयगय केली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे.

आता उणे बाजू. नियम यायला नोव्हेंबर २०२५ उजाडला आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून लागू होणार. दंडाची सगळी रक्कम भारताच्या संचित निधीत जाईल. ज्याची माहिती कंपनीच्या हलगर्जीपणामुळे गेली त्याला एक पैसाही मिळणार नाही, कारण भरपाई देणारे कलम ४३-अ हाच कायदा त्याच मुहूर्तावर रद्द करतो. युरोपच्या २०१८ पासून लागू असलेल्या नियमांत पीडिताला भरपाई मागण्याचा हक्क लिहून ठेवलेला आहे. आपण तो हातात असलेला सोडतो आहोत. मग पीडिताने तक्रार कशासाठी करायची? आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे जायचे, तिथे ९० दिवसांपर्यंत थांबायचे, मग डेटा संरक्षण मंडळाकडे जायचे. त्या मंडळाच्या नेमणुका केंद्र सरकार करते. तक्रार खोटी किंवा क्षुल्लक ठरली तर उलट तक्रारदारालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुपचूप चाललेल्या चोरीचा पुरावा सामान्य माणसाकडे कुठून येणार, याचा विचार ही रचना करणाऱ्यांनी केलेला दिसत नाही.

नोकरदारांसाठी आणखी एक गोष्ट. नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला कायदा संमती मागत नाही. लोअर परळ-प्रभादेवीच्या पट्ट्यातल्या ऑफिसांत लॅपटॉपवर दर काही मिनिटांनी स्क्रीनचा फोटो घेणारी, कीबोर्डवरची दर टकटक मोजणारी सॉफ्टवेअर बसवली जातात, तेव्हा कंपनी याच तरतुदीकडे बोट दाखवू शकेल. ज्या भागात गिरणी कामगारांच्या संघटनांनी मालकाशी प्रत्येक पाळीचा हिशेब मांडला, तिथल्या आजच्या कर्मचाऱ्याला आपल्या लॅपटॉपमध्ये काय चालू आहे हे विचारायलाही व्यासपीठ नाही. संघटनांनी हा विषय हातात घ्यायला हवा.

सरकार स्वतःच माहिती गोळा करणारे असेल तर? कायदा केंद्राला अधिसूचना काढून आपल्या कोणत्याही यंत्रणेला सूट देण्याची मुभा देतो. २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्या भारतीयांना पेगॅसस या हेरगिरी सॉफ्टवेअरबद्दल सावध केले, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते. पेगॅसस बनवणारी इस्रायली कंपनी सांगते की ते फक्त सरकारांना विकले जाते. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली तांत्रिक समिती नेमली. ऑगस्ट २०२२ मध्ये न्यायालयात सांगितले गेले की तपासलेल्या २९ फोनपैकी ५ मध्ये काही घातक सॉफ्टवेअर आढळले, पण ते पेगॅससच असे सिद्ध झाले नाही, आणि केंद्र सरकारने समितीला सहकार्य केले नाही. पूर्ण तांत्रिक अहवाल लोकांसमोर आलेला नाही. भीमा कोरेगाव-एल्गार प्रकरणात अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने २०२१ मधल्या अहवालांत म्हटले की या प्रकरणातले आरोपी रोना विल्सन आणि नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकांत नेटवायर हे सॉफ्टवेअर घुसवून फाइली पेरल्या गेल्या. एनआयएने या अहवालावर आक्षेप घेतला. खरे-खोटे न्यायालय ठरवील. पण जे सॉफ्टवेअर गुपचूप माहिती बाहेर नेऊ शकते ते तितक्याच गुपचूप आत आणूनही ठेवू शकते, हे या प्रकरणाने महाराष्ट्राला कळले. पुराव्याच्या कायद्याने त्याची दखल घेणे अटळ आहे.

लोकांनी आवाज केला तर काय होते याचेही ताजे उदाहरण आहे. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनवर ‘संचार साथी’ ॲप आधीच बसवलेले असावे असा आदेश काढला. विरोध उसळला आणि ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली गेली. चोरीचा फोन शोधायला ते ॲप उपयोगी आहे. ते ठेवायचे की नाही हे मालकाने ठरवायचे, एवढाच मुद्दा होता.

घरातल्या घरातली पाळत मी थोडक्यात घेतो, ती लहान आहे म्हणून नव्हे. नवऱ्याने बायकोच्या फोनमध्ये गुपचूप मेसेज वाचणारे ॲप टाकणे हा ‘घरचा मामला’ नाही. स्त्रीच्या इंटरनेट किंवा ईमेल वापरावर पाळत ठेवणे हा २०१३ पासून पाठलागाचा गुन्हा आहे आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जोडीदाराने गुपचूप केलेले ध्वनिमुद्रण घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून चालेल असे म्हटले. त्याचा अर्थ फोनमध्ये हेरगिरीचे ॲप टाकायला मोकळीक मिळाली असा लावला जाऊ नये.

तंत्राच्या बाजूने झालेली प्रगती खरी आहे. २०१५ पूर्वी अँड्रॉइडवर ॲप बसवताना सगळ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. त्या वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून एकेक परवानगी वेगळी मागावी लागते आणि नंतर काढूनही घेता येते. पुढे ‘फक्त ॲप वापरताना’ लोकेशन, एकदाच दिलेली परवानगी, न वापरलेल्या ॲपच्या परवानग्या आपोआप रद्द होणे आले. २०२१ पासून कॅमेरा किंवा माइक चालू झाला की वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसतो. ॲपलने त्याच वर्षी एप्रिलपासून दुसऱ्या कंपन्यांच्या ॲपमध्ये माग काढण्याआधी विचारणे सक्तीचे केले. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी डॅशबोर्ड उघडून पाहा : गेल्या २४ तासांत कोणत्या ॲपने किती वेळा तुमचे ठिकाण पाहिले ते दिसेल. ज्याला कारण नाही त्याची परवानगी काढा. ‘ॲक्सेसिबिलिटी’ आणि ‘नोटिफिकेशन वाचणे’ या दोन परवानग्या ज्या ॲपकडे असतील ते सर्वांत आधी तपासा, कारण हेर ॲप याच दारांतून पडद्यावरचे सगळे वाचतात. व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल बसवू नका, ती पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी. त्याचा फोन आधीच दुसऱ्याच्या ताब्यात असू शकतो.

विषाणूरोधक सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात तर मराठी माणसांनी पाय रोवले. रहिमतपूरचे कैलास आणि संजय काटकर या भावांनी पुण्यात दुरुस्तीच्या दुकानातून सुरुवात करून ‘क्विक हील’ उभी केली. पण रखवालदारावरही नजर हवी. अवास्ट या नामांकित विषाणूरोधक कंपनीने ग्राहकांचा ब्राउझिंगचा इतिहास आपल्याच उपकंपनीमार्फत विकल्याचे जानेवारी २०२० मध्ये उघड झाले, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत तिला १.६५ कोटी डॉलर भरावे लागले. फुकट मिळणाऱ्या संरक्षणाची किंमत कोण देतो, हे तपासल्याशिवाय ते बसवू नये.

एवढे सगळे पाहून मी या निष्कर्षावर येतो की फोनची रचना आपल्याला भुरट्यांपासून बऱ्यापैकी वाचवते, मोठ्या कंपन्यांपासून अर्धवट आणि सत्तेपासून जवळजवळ नाहीच. उरलेले काम कायद्याचे आहे आणि तिथे वाचकांनी करण्यासारखे बरेच आहे. आपल्या फोनमधून कुणी चोरून माहिती घेतल्याचा पुरावा असेल, तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर आणि सायबर पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवाच, शिवाय कलम ४६ खाली मंत्रालयातल्या न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे भरपाईचा अर्ज करा. कलम ४३ नव्या कायद्यानंतरही टिकणार आहे. ते वापरात राहिले नाही तर त्याची आठवणही राहणार नाही. ॲपने संमती मागितली तर सूचना मराठीत मागा. आणि मुंबईच्या खासदारांना लिहा, तुमच्या मतदारसंघाच्या खासदाराला नाव घेऊन लिहा, की मे २०२७ च्या आत नव्या कायद्यात पीडिताच्या भरपाईचे कलम आणा. कलम ४३-अ रद्द व्हायला अजून अवधी आहे, तोवर हे करता येते.